दिव्याचे नऊ तास

मी शाळेचा प्रोजेक्टर बोलतोय. कपाटातून नव्हे, वर्गातल्या टेबलावरून बोलतोय, हे आधी सांगितलेलं बरं. कारण माझ्या आयुष्यातली सहा वर्षं कपाटातच गेली.

जयगडच्या खाडीकाठी एक वाडी आहे. तिथल्या मुंबईकर मंडळाने मला शाळेला भेट दिलं. आलो त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मुख्याध्यापक आत्माराम गुरुजींनी वायर जोडून बटण दाबलं आणि मी भिंतीवर निळा चौकोन टाकला, 'सिग्नल नाही'. गुरुजींनी तीनतीनदा दाबून पाहिलं. मंडळातले एक पाहुणे म्हणाले, "गुरुजी, तुमचा फळाच बरा!" सगळे हसले. गुरुजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी सगळ्यात जवळ होतो, म्हणून मला दिसलं.

त्यानंतर मी बाहेर निघालो तो पंधरा ऑगस्टला, नाहीतर कुणी साहेब तपासणीला येणार असले तर. तेव्हाही मला चालवायला कुणीतरी बाहेरून यायचं. बाकी दिवस कुलूप. दर महिन्याला वर जाणाऱ्या अहवालात मात्र गुरुजी ठळक अक्षरात लिहायचे, 'प्रोजेक्टरचा वापर : नियमित'.

मला कुणी टाकून दिलं नव्हतं, बरं का. उलट फार जपलं. शाळा समितीचा अध्यक्ष बाबल्या मच्छीमार माणूस. तो दर जूनमध्ये जाड प्लास्टिक आणि जाळ्याची दोरी घेऊन यायचा. "गुरुजी, खारी हवा लय वायट. लोखंड खाते, ह्याची काय कथा! आमची इंजिना पावसाळ्यात आमी अशीच बांधून ठेवताव." असं म्हणत तो मला वारा शिरणार नाही इतका घट्ट आवळायचा. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण आत अडकलेली ओल आतच राहिली आणि माझ्या भिंगावर बुरशी चढली. इंजिन पुसता येतं. माझ्या भिंगाच्या आतून कोण पुसणार?

गेल्या डिसेंबरात हुदा आली. राजापूरची मुलगी, वडील बोटीवर. रत्नागिरीत राहून ती वर्गातल्या तंत्रज्ञानावर एम. ए. करत होती. त्यासाठी तिला एखाद्या शाळेत साठ तासांचा क्षेत्रानुभव घ्यायचा होता. रोजचे तास एका कागदावर लिहायचे, शेवटी मुख्याध्यापकांची सही आणि सोबत शाळेतल्या साधनांचा खरा अहवाल. हे झालं नाही तर सहामाही वाया.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या दोऱ्या सोडल्या. कुबट वासाने पुढच्या रांगेतल्या पोरांनी नाकं दाबली. चित्र लागलं, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात करडा डाग. "ढग आलाय!" बाबल्याची सहावीतली मुलगी हेतल ओरडली.

दिवा कितपत चाललाय ते बघायला हुदाने माझी माहिती उघडली. दिवा किती तास जळला याची मोजणी मी स्वतःच ठेवतो. ती भिंतीवर हातभर अक्षरात उमटली, 'दिव्याचे तास : ९'.

"गुरुजी," हेतलने विचारलं, "सहा वर्षांत नवच?"

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मला फार वाईट वाटलं. पण माझ्यात जे असतं ते मी भिंतीवर टाकतो, झाकणं मला येत नाही. हुदाने घाईने ती माहिती बंद केली. तिच्या वहीत मात्र तो आकडा गेला.

पुढे ती एसटीने येत राहिली. मी रोज चालू लागलो. पोरांनी माझ्या उजेडात हाताच्या सावल्यांचे खेकडे केले, समुद्राचा तळ पाहिला, आणि त्या ढगाला सगळे सरावले. गुरुजी मात्र मागे उभे राहायचे, हात पाठीशी बांधून. हुदा म्हणायची, "गुरुजी, या ना, तुम्ही लावा." ते म्हणायचे, "तू लाव. मी बघतोय."

मग तिच्या अम्मीचं ऑपरेशन झालं आणि तिचे दोन आठवडे बुडाले. ती परत आली तेव्हा कागद जमा करायला दोनच दिवस उरले होते आणि तास झाले होते एक्केचाळीस.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी तिला थांबवलं. मी टेबलावरच होतो.

"हुदा, मी साठ लिहितो. सही करतो. तुझं वर्ष कशाला अडायला हवं?"

तिचा चेहरा उजळला. मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या अहवालातले ते नऊ तास तेवढे गाळ. मी मेमध्ये निवृत्त होतोय, बाळा. तीस वर्षांच्या नोकरीवर जाताजाता डाग नको."

पेन तिच्या हातात होतं. मोह झाला तिला, खोटं कशाला सांगू. मग ती म्हणाली, "गुरुजी, मी न भरलेले तास मला नकोत. आणि ते नऊ माझे नाहीत. मी कसे गाळू?" तिने कागद माझ्याशेजारी ठेवला. "तुम्हाला जे बरोबर वाटेल ते लिहा." आणि ती एसटी पकडायला गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गुरुजींनी कागद माझ्यासोबत कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. जमा करायची तारीख गेली. हुदाची सहामाही बुडाली. आठ दिवस आम्ही दोघं अंधारात होतो, मी आणि तो बिनसहीचा कागद. एवढा अंधार मला पूर्वी कधी जाणवला नव्हता.

नवव्या दिवशी भर वर्गात कपाट उघडलं. गुरुजींनी मला टेबलावर ठेवलं, वायर जोडली, बटण दाबलं. निळा चौकोन. 'सिग्नल नाही'. गुरुजींचे कान पुन्हा लाल झाले. पण या खेपेला ते खाली बसले, पोरांच्या सतरंजीवर, आणि म्हणाले, "हेतल, मला येत नाही गं. शिकव."

"आदी मागचा बटण दाबायचा, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कागद पुढ्यात घेतला. एक्केचाळीस लिहिलं, सही केली. मग महिन्याच्या अहवालात 'नियमित' खोडून लिहिलं, 'सहा वर्षांत नऊ तास. कारण : मला येत नव्हतं आणि मी विचारलं नाही.' मग फोन लावला. "हुदा, एक्केचाळीसच लिहिलेत. उशीर केला, मला माफ कर. उरलेले एकोणीस पुढच्या सहामाहीसाठी जूनमध्ये भर. मला अजून आवाज लावता येत नाही."

एक मेला, निकालाच्या दिवशी, गुरुजींचा निरोप झाला. मुंबईकर आले होते, 'फळाच बरा' म्हणणारे ते पाहुणेही. गुरुजींनी मला स्वतः लावलं. आधी पोरांचे फोटो दाखवले, प्रत्येकावर आमचा ढग. शेवटी कुणी न सांगता माझी माहिती उघडली. 'दिव्याचे तास : ८६'. "यातले पहिले नऊ सहा वर्षांचे," गुरुजी म्हणाले. "तो दोष माझा. बाकीचे एका मुलीने आणि या पोरांनी दिले." कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी मान खाली घातली.

आता जून आहे. हुदा उरलेले तास भरायला आली आहे. गुरुजी निवृत्त, तरी मागे सतरंजीवर बसून आवाजाची वायर उलटसुलट करून पाहताहेत. आणि दारात बाबल्या उभा आहे, काखेत प्लास्टिक, हातात दोरी.

बाबल्या, तुझी माया मला कळते. पण मला बांधू नकोस. माझ्या डोळ्यातला ढग आता निघायचा नाही, आणि एक दिवस दिवाही जाईल. तो या भिंतीवर उजेड टाकताना जाऊ दे. ती दोरी खाली ठेव आणि ये, हेतलच्या शेजारी बस. आज खाडीचा धडा आहे.