ओढ्यातली गवंडीण

माझ्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान ओढ्याच्या काठावर आहे आणि त्याची मागची खिडकी थेट पाण्यावर उघडते. लग्न झाल्यापासून मी त्याला एकच गोष्ट सांगत आले आहे, खिडकीतून कचरा झाडू नकोस. तो "बरं" म्हणतो आणि संध्याकाळी दोरे, चिंध्या, सांडलेले मणी सगळं खिडकीबाहेर लोटतो. ओढे-नाले तपासणं ही माझी नोकरी. गावभर लोकांना शहाणपण शिकवते, आणि घरात याने हे दिवे लावलेत.

यंदा पालिकेने ठरवलं, ओढा मेलेला निघाला तर तो पाइपात घालायचा आणि वर गाड्या लावायला जागा करायची. त्या आखणीत दुकानाची मागची खोली पाडली जाणार होती. नवऱ्याचं मशीन त्या खोलीत, त्या खिडकीशी. काळ्या कापडावरचा काळा दोरा त्याला तिथल्याच उजेडात दिसतो. "पुढच्या खोलीत ट्यूबखाली बसलो तर वर्षात आंधळा होईन," तो म्हणाला. हे काम येणारी पालिकेत मी एकटीच, म्हणून तपासणी माझ्याच गळ्यात पडली.

काम तसं सोपं. वाहत्या पाण्यात जाळी धरायची, तिच्यापुढचे तळाचे दगड पायाने घुसळायचे, वाहून येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि कोण वळवळतंय ते बघायचं. लाल किडे आणि जळवा कसल्याही घाणीत सुखाने संसार करतात. पण एक अळी आहे, आम्ही तिला गवंडीण म्हणतो. ती वाळूचे कण स्वतःच्या चिकट धाग्याने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते, आणि घाण पाण्यात टिकत नाही. ती सापडली म्हणजे ओढा जिवंत.

पहिल्याच दिवशी सापडली. मी पाण्यातच आनंदाने उडी मारली. खिडकीतून नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग जाळी वाळत घालताना तिची दुमडलेली कड उलटी केली, तर आत आणखी एक गवंडीण, मेलेली. आदल्या दिवशी हीच जाळी मी डोंगरातल्या स्वच्छ झऱ्यात वापरली होती, म्हणजे ट्रेमधलीही तिथूनच आलेली असू शकत होती.

"काल जाळी धुतलीस ना रे?"

"धुतली की. बादलीत चांगली बुचकळली."

"कड उलटवून?"

त्याने जाळीची कड बोटांत धरून बघितली. ती दुहेरी कड त्यानेच शिवली होती, मोठ्या कौतुकाने.

मी त्याच्यावर अशी तडकले की शेजारच्या न्हाव्याने दार लावून घेतलं. मग ऑफिसला फोन करून सांगितलं, जाळीत डोंगरातली गवंडीण निघाली, आजची तपासणी रद्द.

"कुणाला कळलं असतं?" नवरा म्हणाला.

"मला."

जेवण उरकून तो फुरंगटून दुकानात निघून गेला. पण सकाळी उशाशी नवी जाळी होती, एकेरी कडेची.

दुसऱ्या तपासणीला रस्ते खात्याचे इंजिनियर साहेब स्वतः काठावर हजर. त्यांना ती गाड्यांची जागा हवी होती. "काय मॅडम, कालच्या पाहुण्या आज येणार का?" मी दातओठ खाऊन पाण्यात उतरले. पुलाखाली लाल किडे. वळणावर जळवा. खिडकीतलं मशीन केव्हाच थांबलं होतं. मला रडू येत होतं आणि रागही, कारण खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं.

शेवटी दुकानाच्या खिडकीखाली आले. तिथे पाणी दगडांवरून खळखळतं. ट्रेमध्ये आधी नुसती वाळू दिसली. मग वाळूचा एक तुकडा चालायला लागला.

साहेब वाकले. "हीसुद्धा डोंगरावरूनच आली असेल, तुमच्या बुटात बसून."

मी भिंग लावलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो पँट दुमडून पाण्यात आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने बराच वेळ भिंगातून बघितलं.

"अगं, हे तर माझे मणी."

गवंडिणीच्या घरात वाळूच्या कणांमध्ये बारीक निळे मणी बसवले होते, ओळीने, अगदी निगुतीने. नाटकवाल्यांच्या राणीच्या झग्यावरचे; तो झगा त्याने याच महिन्यात शिवला होता. नवरा वर पळाला आणि मण्यांची डबी घेऊन आला. साहेबांनी एक मणी ट्रेशेजारी धरला. निळा अगदी तोच.

"डोंगरावर राणी राहत नाही, साहेब," मी म्हणाले.

ते हसले, आणि हरल्यावर माणूस हसतो तसे नव्हे, मनापासून. "लिहा, जिवंत," म्हणाले. गवंडिणीला मी हाताने परत दगडाखाली सोडलं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळा कचरा गुपचूप डब्यात भरला. मी काही न सांगता.

"तिला घर वाढवायचं असलं तर?" त्याने विचारलं.

"वाळू आहे तिला भरपूर."

त्याने शहाण्यासारखी मान हलवली. खिडकीच्या चौकटीत एक निळा मणी राहून गेला होता. तो मला दिसला. त्यालाही दिसला. मग त्याने खिडकी लावली, नेहमीपेक्षा जरा जोरातच, आणि मणी चौकटीवरून थेट पाण्यात गेला. मी त्याला काहीही बोलले नाही.