चौतीस घागरींचा नंबर

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि गल्लीत टँकर सुरू होऊन तीन महिने. नव्या जिल्ह्यानं आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, अर्ज दिले. ज्याला त्याला अर्ज भरायचा होता आणि प्रत्येक अर्जाला फोटो चिकटवायचा होता. गावात फोटोवाले होते, पण सगळे पुरुष. परक्या माणसापुढं स्टुलावर बसून मान वाकडी करायची म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका अर्जावरच पाणी सोडायच्या. म्हणून मी ठरवलं, आपणच शिकायचं आणि बायकांसाठी फोटोचं दुकान टाकायचं.

नांदेडचे नजीर सर मंगळवारी आणि शुक्रवारी एस.टी.नं यायचे आणि भाड्याच्या खोलीत फोटोग्राफीचा वर्ग घ्यायचे. आठ जणांत मी एकटी मुलगी. माझे वडील, संगप्पा, यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. गल्लीतून एक जरी गाऱ्हाणं आलं, तरी कॅमेरा सरांना परत आणि वर्ग बंद. माझं डोकं लवकर तापतं हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. अट घालताना ते जरा हसलेही होते, ते मला अजून झोंबतं.

सरांनी काम दिलं. रोजच्या वापरातली एकच वस्तू घ्यायची आणि तिचे जमतील तितके नमुने गोळा करायचे. सगळ्यांचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच उजेडात. मग ते सगळे एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी चौकटीत छापायचे. कुणी कुलपं घेतली, कुणी चपला. मला मात्र त्या उन्हाळ्यात उठता बसता एकच वस्तू दिसत होती.

टँकर मंगळवारी संध्याकाळी पाचला यायचा. बायका पहाटे अंधारातच येऊन घराची एकेक घागर ओळीत लावायच्या आणि आपापल्या कामाला जायच्या. घागर उभी म्हणजे बाई उभी. त्या घागरीच्या जागेवर सगळ्या घराचं पाणी. पंचविसाव्या नंबरापर्यंत चांगलं मिळायचं, त्यापुढं टँकरच्या तळाचा गाळ. ओळीतल्या घागरीला नवरासुद्धा हात लावत नसे.

मी लावला.

सकाळी अकराला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या दानम्माच्या भिंतीच्या सावलीत मी अप्पांचं पांढरं धोतर टांगलं, खाली पाट ठेवला आणि ओळीतली पहिली घागर उचलली. ती आमचीच होती, आईची कळशी. फोटो काढला, बाजूला ठेवली, दुसरी उचलली. अशा चौतीस. पितळी घागर, तिच्यावर लग्नातलं नाव कोरलेलं. लाल प्लास्टिकची, कानाला डाग दिलेली. तेलाचा डबा, त्याला आडवं लाकूड ठोकलेलं. रोज बघितलेली भांडी, पण पांढऱ्या धोतरापुढं एकटी बसली की प्रत्येकीला चेहरा यायचा. मी इतकी खूश होते की भूक लागल्याचंही कळलं नाही.

मग मी त्या परत लावल्या. आणि इथं माझी अक्कल चरायला गेली. लहान पुढं, मोठी मागं, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी मी ओळ लावली. चार पावलं मागं सरकून बघितलं. इतकी देखणी रांग त्या गल्लीनं कधी बघितली नसेल असं मला वाटलं, आणि ते खरंही होतं.

पहिली आली सरजाबाई. तिची घागर गल्लीत सगळ्यात मोठी, म्हणजे आता सगळ्यात मागं. तिच्या आवाजानं बाकीच्या बाहेर आल्या. प्रत्येकीला आपल्या मागं कोण होतं ते लख्ख आठवत होतं, पुढं कोण होतं ते एकीलाही आठवत नव्हतं. त्यातून आमची कळशी सगळ्यात लहान, म्हणून ती नव्या ओळीतही पहिलीच. मी शपथेवर सांगितलं की ती आधीही पहिलीच होती. आई पहाटे तीनला उठून गेली होती. हे ऐकून बायका हसल्या, आणि ते हसणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

आई म्हणाली, जाऊ दे, आपली मागं लाव. ती घागर उचलायला वाकली तसं माझं डोकं फिरलं.

"हात लावू नको, आई," मी म्हणाले. "मी एकापासून चौतीसपर्यंत ओळीनं फोटो काढलेत. कोण कितवी ते सगळं या कॅमेऱ्यात हाय. दाखवते तुम्हाला."

सरजाबाई अप्पांच्या दुकानाकडं निघालीच होती. ती थांबली. पाचच्या आत दाखव म्हणाली, न्हाईतर संगप्पाला बोलावते. एक वाजला होता.

मी पळत वर्गाच्या खोलीवर गेले. सर होते. सगळं ऐकून त्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग रोल हातात घेतला. तासा-दोन तासांचं काम आहे म्हणाले, पण एक अडचण होती. वर्गासाठी लागणारं पाणी ते नांदेडहून कॅनमध्ये भरून एस.टी.त घालून आणायचे. सकाळी पोरांचे रोल धुण्यात तो कॅन संपला होता. फोटो उठवायची औषधं तयार होती, पण फिल्म आणि कागद धुवायला निदान आठ-दहा तांबे पाणी हवं होतं. धुतल्याशिवाय फोटो टिकत नाही.

म्हणजे पाण्याचा नंबर ठरवायला फोटो पाहिजे आणि फोटोला पाणी पाहिजे. मी रस्त्यातच कपाळावर हात मारून घेतला.

परत येऊन ज्या बायकांचा मी घोळ करून ठेवला होता, त्यांच्याचपुढं बादली ठेवली. त्या दिवसांत पाहुणा आला तर लोक आधी त्याच्या हातात पाण्याचं भांडं आहे का बघायचे. कुणी हललं नाही. मग बिलकीस आपा घरात गेली आणि तांब्या घेऊन आली.

"मेरी घागर नवव्या नंबरला होती," ती म्हणाली. "मला माहीत हाय. तुमाला पण माहीत होऊ दे."

ती नऊ म्हणाली तशी दानम्मा म्हणाली, नववी तर मी. आणि तीही तांब्या आणायला गेली. एकेक करून सगळ्या आपलं म्हणणं आणि आपलं पाणी घेऊन आल्या. खरं सिद्ध होण्याच्या खात्रीनं बायका इतक्या उदार होतात हे मला तेव्हा समजलं. शेवटी सरजाबाई आली. अर्धा तांब्या ओतला आणि थांबली.

"खोटं निघालं तर हेच पाणी तुझ्याकडून भरून घीन, उमे."

बादली उचलून ती माझ्याबरोबर आली, बिलकीस आपाही आली. गल्लीनं दोघींना साक्षीदार नेमलं होतं. अंधाऱ्या खोलीचं दार सरांनी आतून लावलं तर सरजाबाई बाहेरून दर पाच मिनिटांनी विचारायची, काय करून राहिलात. दार उघडलं तर सगळं काळं होईल म्हटल्यावर तिला जास्तच संशय आला.

सव्वाचारला कागद बाहेर आला. ओलाच होता. काडेपेटीपेक्षा लहान चौतीस फोटो, सहा-सहाच्या ओळीत, आणि शेवटची दोन घरं रिकामी. सरांनी तो कागद आधी माझ्या हातात दिला. पण सरजाबाईनं मध्येच तो घेतला, आणि दारात उजेडाला धरला.

सरजाबाईला अक्षर येत नव्हतं. अंगठा लावायची. ती कागदावर बोट टेकून सरकवत गेली, हळूहळू, ओठ हलवत. ही कमलम्माची, म्हणजे माझ्या आईची, कळशी. हा तेलाचा डबा. तिसरी, चौथी. नवव्यावर लाल घागर आली, डाग दिलेल्या कानाची, आणि बिलकीस आपानं पदराखाली हसून घेतलं. बोट पुढं सरकत राहिलं. बाविसाव्यावर, तिच्या स्वतःच्या घागरीवर, थांबलं.

सरजाबाई म्हणत होती की ती पाचवी होती. ती खूप वेळ त्या फोटोकडं बघत राहिली.

"फोटोत आली मातर झाक," ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर गल्लीच्या तोंडाशी होता आणि पाईपाभोवती ढकलाढकली सुरू झाली होती. सरजाबाई मधोमध घुसली. कागद दोन्ही हातांत धरून तिनं हाका मारायला सुरुवात केली. पहिल्या नंबराला आईचं नाव घेतलं. आई पुढं आली, पण तिला पाईप नीट धरताही येईना, इतकी ती हसत होती. मग दुसरा, तिसरा. कुणी कुरकुरलं की सरजाबाई कागद तिच्या नाकापुढं धरायची, बघ, तूच हायेस ना ही. आणि ती बाई स्वतःची घागर बघून पुढचं भांडण विसरायची. दोघी-तिघींनी तर पाणी भरून झाल्यावर परत येऊन बघितली.

एवढ्यात अप्पा आले. दुकानावर कुणीतरी बातमी पोचवली होती. घाम पुसत ते थेट सरजाबाईपुढं उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या पोरीबद्दल काय गाऱ्हाणं आहे ते मला सांगा, आजच कॅमेरा परत करतो.

सरजाबाईनं कागदावरचं बोट हलवलं नाही, मानही वर केली नाही.

"गाऱ्हाणं दुपारी होतं, संगप्पा," ती म्हणाली. "आता तुमच्या पोरीनं काढलेलं वाचून राहिले. सोळा झालेत. मधी बोलू नका, नंबर चुकंल."

अप्पा बाजूला झाले. मी दानम्माच्या भिंतीला टेकून रडले, आणि मला रडायची बिलकुल लाज वाटली नाही. पुढं माझं दुकान झालं, गल्लीतली झाडून सगळी तोंडं मी स्टुलावर बसवली, माझे फोटो पुष्कळांनी पाहिले. पण असं बोट ठेवून, एकही न गाळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं काम पुन्हा कुणी वाचलं नाही.