लालीचे गाल आहेत तसेच

काकांच्या मिशीला खिंडार पडलं आणि लालीचे गाल लालच राहिले. असं काही झालंच नाही, असं काकांचं म्हणणं आहे. आणि घरात काकांचंच चालतं, म्हणून आपणही ते झालं नाही असं धरून चालू.

काकांची गाडी शिकवायची शाळा होती. पुतणी लाली तिथे शिकवायची. तिचे गाल जन्मापासून असे लालबुंद, की शिकायला आलेल्याला वाटायचं, बाई आपल्यावर भयंकर संतापल्यात. लाली आपली मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असायची, आणि शेजारचा गृहस्थ घाबरून वेळेवर ब्रेक दाबायचा. पासही व्हायचा.

काकांना मात्र ते खपेना. म्हणाले, गिऱ्हाईक दचकतं. आता उजेडाचं मशीन निघालंय, चारदोनदा जाऊन आलीस की चेहरा साफ. तोवर गाडीची चावी माझ्याकडे. गाल दुखत नाहीत, खुपत नाहीत, कुणाकडून उसने आणलेले नाहीत, असं लालीने सांगून पाहिलं. काकूने जोरात भांडी आपटून पुतणीची बाजू घेतली. चावी काकांच्या खिशातून हलली नाही.

शेवटी लाली त्या मशीनच्या दवाखान्यात गेली. वाटेत सटकेल म्हणून काकाही सोबत गेले. फोटोबिटो काढून झाल्यावर खुर्चीत बसायला मात्र ती तयार होईना. भित्री कुठली, म्हणत काका स्वतःच आडवे झाले. त्यांच्या नाकाखाली लाल शिरा होत्याच. मशीनवाल्या ताईंनी त्यांना काळा चष्मा चढवला, गार जेल फासलं आणि बजावलं, की केसांवर उजेड पडला तर केस जळतात, मिशी काढून या. काका म्हणाले, ही मिशी उन्हात वाढलीये, तुमच्या दिव्याला काय भिते. ताईंनी नाइलाजाने मिशीवर पांढरा कागद धरला. काकांना गुदगुल्या झाल्या, आणि त्यांनी ऐन वेळी तो फुंकरीने उडवला.

लख्ख झालं. चर्र झालं. खोलीभर पीस जळाल्यासारखा वास सुटला.

डाव्या मिशीत पोस्टाच्या तिकिटाएवढी मोकळी जागा झाली होती. काकांनी आरशात तिची नीट पाहणी केली.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चल, बस तू."

"चावी द्या, काका," लाली शांतपणे म्हणाली. "नाहीतर उद्या तुम्हीच शिकवायला बसा. गिऱ्हाईक कुणाला बघून दचकतं ते कळेल."

काकांनी एका हाताने मिशी झाकली, दुसऱ्याने चावी काढून दिली.

निघताना ताईंनी लालीला, उपचारांचा कोर्स का सोडला ते दोन ओळींत लिहून द्या, म्हणून सांगितलं. समोर भिंतीवर गिऱ्हाइकांचे फोटो जोडीजोडीने टांगले होते, एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. लालीने ते बघितले आणि लिहिलं:

'माननीय व्यवस्थापक यांस, सविनय विनंती की, आज काढलेला माझा फोटो भिंतीवर 'नंतर' या सदरात लावण्यात यावा. 'आधी'ची जागा कायमस्वरूपी कोरी ठेवण्यात यावी. काकांचा फोटो मागवू नये. त्यांना काहीही झालेले नाही. योग्य ती कार्यवाही करून लेखी कळवावे.'