नमुना क्रमांक चार

मी नापास झालो. पण तसं काही झालंच नाही असं धरून सांगतो.

डिग्रीला तीन क्रेडिट कमी पडत होती, म्हणून ‘रोगांचे वास आणि कविता’ हा इलेक्टिव्ह घेतला. बरण्या हुंगायच्या, कविता लिहायची. पुवाच्या बरणीला मला ओकारी आली. चौथी उघडताच सगळ्यांनी नाक दाबून ‘मृत्यू’ लिहिलं. मी लिहिलं, ‘भूक लागली.’

ती एडिसन गावात राहणाऱ्या माझ्या रत्नामावशीची सुक्या जवळ्याची चटणी होती. लॅबच्या फ्रिजमध्ये मीच ठेवलेली.

“सर, ही माझी आहे.”

“छान. आता टिकेल,” म्हणत सरांनी तिच्यात फॉर्मालिन ओतलं. “आणि रुग्णाबद्दल तुझी सहानुभूती शून्य. नापास.”

तरी विद्यापीठास नम्र विनंती, की सदर चटणी फॉर्मालिन वगळून परत मिळावी व ‘भूक’ हे उत्तर ग्राह्य धरावे.