मुकी फळी

विजेवर वाजणाऱ्या गिटारला लाकूड कुठलंही चालतं, असं म्हणणारी माणसं जगात आहेत. दाजी त्यांच्याशी वाद घालत नसत. फक्त बसायला मोडकी खुर्ची देत.

दाजी बेस गिटारी बनवत. मेव्हणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही म्हणू लागली आणि शेवटी पोस्टमनसुद्धा. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून फळ्या उभ्या असत. एकेक फळी दोन बोटांत लटकती धरायची, मधोमध बोटाच्या पेराने ठोकायची आणि कान लावायचा, ही त्यांची निवड. मॅहोगनी पोटभर जेवलेल्या माणसासारखी हुंकार देई. मेपल तुटक बोले, घरमालकानं भाडेकरूशी बोलावं तसं.

मेव्हणा स्वतःच्या बेससाठी लाकूड निवडायला आला, तो डोळ्यांखाली काळं घेऊनच. जन्मभर ड्रमवाल्याच्या झांजांशेजारी उभं राहून त्याच्या कानात एक शिट्टी बसली होती. ती झोपेतही थांबत नसे.

"दाजी, हा शेवटचा बेस. शिट्टी नाही थांबली तर वाजवणं सोडणार. आणि मला दुसरं तर काहीच येत नाही."

"हे तरी कुठे फारसं येत होतं?" दाजी म्हणाले. मेव्हण्याशी असंच बोलायचं असतं.

फळ्या ठोकता ठोकता एक काळपट फळी हाती आली. मागे पाडलेल्या एका घराच्या तुळया घेतल्या होत्या, तेव्हा वखारवाल्याने तोंड फिरवून ती गाडीत टाकून दिली होती. दाजींनी ठोकली. आवाज आला नाही. बद्द आला असं नव्हे, आलाच नाही. झालं, कान गेले, असं वाटून दाजींच्या हातून ती निसटली, फरशीवर आपटली, आणि तरीही काही ऐकू आलं नाही.

मेव्हणा मटकन खाली बसला. "दाजी, शिट्टी थांबली हो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हिचाच करा बेस."

"अरे, आवाज नसलेल्या लाकडाचा बेस म्हणजे बिनपाण्याची विहीर."

"मला विहीरच हवी."

असं म्हणून तो फळीला टेकला आणि बसल्या जागी झोपला. घोरतही असावा, तोंड तरी तसं उघडं होतं.

त्या दिवसापासून तो रोज यायचा, फळीशेजारी झोपून जायचा. इकडे घरात आधी घड्याळाची टिकटिक गेली. काटे फिरत होते. मग नळाचं ठिबकणं गेलं. मग शेजारचा कुत्रा नुसताच जबडा उघडमिट करू लागला, तेव्हा दाजींनी मनातल्या मनात फळीचे आभार मानले.

त्यानंतर ताईची पाळी आली. ताई म्हणजे दाजींची बायको, मेव्हण्याची थोरली बहीण. कामात असली की गुणगुणायची, सूर कायमचा घसरलेला. एका सकाळी भाजी चिरताना तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. रागावली असेल, असं दाजींना वाटलं. कशावरून, ते आठवण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला. कारणं पुष्कळ सापडली. दुपारी ती समोर येऊन उभी राहिली. "अहो, मी बोलते ते येतंय का ऐकू?" शब्द कडेने कुरतडल्यासारखे झाले होते.

दाजी उठले आणि फळीपाशी गेले. कान दमला की जुने कारागीर लाकडाची कड दातांत धरतात; आवाज हाडांतून येतो. दाजींनी धरली. आत घड्याळ होतं. नळ होता. कुत्रा होता, खूप लांब. त्याही पलीकडे माणसं होती, अनोळखी, आज नवीन कोण आलं असं एकमेकांना हळूच विचारणारी. आणि ताई गुणगुणत होती. अगदी सुरात.

ताई सुरात गाणं शक्य नव्हतं. आत तिला कोणीतरी शिकवत होतं.

संध्याकाळी मेव्हणा आला, तेव्हा दाजींनी त्याच्यापुढे अक्रोडाची फळी धरली. "ही घे. ती मी जाळणार."

"दाजी, पाया पडतो! किती दिवसांनी झोपतोय मी."

"आणि तुझी ताई?"

ताई आतल्या दारात उभी होती. ती भावाला काहीतरी सांगत होती, हात हलवून, मान हलवून, एरवीसारखीच भरभरून. खोलीत काहीच येत नव्हतं. मेव्हणा तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला.

"जाळली आणि ताईचा आवाज आतच राहिला तर?"

हे दाजींच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी इथून निघालो की कोपऱ्यावर माझी शिट्टी परत येते," मेव्हणा म्हणाला. "म्हणजे फळी लांब गेली की ज्याचं त्याला मिळत असणार." त्याने फळी उचलून खांद्यावर घेतली.

"कुठे टाकणार?"

"टाकतो कशाला? घरी नेतो. माझ्या घरी दुसरं आहे कोण?"

"तू आहेस की, गाढवा!"

"मला काय एवढं बोलायचंय, दाजी."

"आणि बेस?"

"तो राहू द्या." तो हसला. झोप झालेल्या माणसाचं ते प्रसन्न हसू बघून दाजींच्या अंगावर काटा आला. मेव्हणा उंबरा ओलांडून निघाला. वाट अडवायला ते पुढे झाले, तेवढ्यात मागून ताईचा श्वास ऐकू आला, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि त्यांचे पाय जागीच थबकले.

ताईचे थबकले नाहीत. ती फाटकापर्यंत धावली. भाऊ जसा लांब जात होता तशी तिची हाक भरत होती. आधी नुसती घरघर, मग अर्धा शब्द, मग पुरं नाव. पूर्ण गळा लागला तेव्हा तो कोपऱ्यावर पोचला होता. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. दूध घालणाऱ्याने सायकल थांबवून वळून पाहिलं.

ज्याला हाक होती, तो फळी सांभाळत वळला आणि दिसेनासा झाला.