पोरीपुरतं अंगण

कुसळ मोज्यात आडवं शिरलं होतं. ओढावं तसं आणखी आत जात होतं. देवश्रीनं इशिताचा पाय मांडीवर घट्ट धरला. एक निघालं की खाली दुसरं... आणि समोर मशीन चालूच, तंबूंपासून पार बाभळीपर्यंत. कामावरचा गोवर्धन झुलत झुलत गवत पाडत चाललेला.

बाभळीपर्यंत कशाला? मी तंबूपुढचं म्हटलं होतं. पोरीपुरतं अंगण. मागच्या आठवड्यात पायरीशी घोणस निघाली, तीन वर्षांचं लेकरू, पायाखालचं दिसत नाही — कोणती आई गवत काढा म्हणणार नाही? पण आपण वीतभर बोलावं आणि या घरात त्याचं एकरभर व्हावं.

"वयनी, पोरीले मांगं घ्या, खडे उडून राह्यले," गोवर्धन ओरडला. "उद्या पाहा, पाहुण्यायले किरकेट खेळता येईन इथं."

क्रिकेट. बार्शीटाकळीच्या पुढं या माळावर नागपूर-पुण्याची माणसं येतात ती भोवत्यांसाठी — लांब पंखांचे ते पक्षी दिवस कलला की एकेक करून येतात, गवतावर घिरट्या घालतात आणि कमरेएवढ्या गवतात रात्रीपुरते उतरतात. उतरतात तेही नेमके तंबूंसमोर. नवऱ्यानं, श्रेयसनं, अकोल्याची नोकरी सोडली ती त्यांच्याच जोरावर. आणि कुणा पाहुणीच्या ओढणीला कुसळं लागली, लॉन नाही का हो म्हणाली, की झालं...

"श्रेयस, मग ते उतरतील कुठं?"

"बसतील पलीकडं. माळ काय एवढाच आहे?" मोकळ्या जमिनीकडं तोंड करून तो खुर्च्या मांडत होता. "अन् तूच म्हणत होती ना, गवत काढा, गवत काढा. झोपू देत नव्हती मले."

तूच. पक्षी आले नाहीत तर तूच. गवत राहिलं आणि त्यात पुन्हा काही निघालं तर... तेव्हाही तूच, आई कुठं होती, म्हणतील. कसंही केलं तरी बोट आपल्याकडंच वळणार, हे तिला बाळंतपणापासून पाठ झालेलं.

मशीन थांबलं. पेट्रोल संपलं असावं. एकदम एवढी शांतता झाली की पानांची सळसळही मोठी वाटली — आणि बाभळीवरून पहिला भोवत्या आला. खाली आला, कापलेल्या जमिनीवरून गेला, वळला, पुन्हा तसाच गेला.

"आई, तो बसत काहून नाही?"

बाभळीजवळचा पट्टा अजून उभा होता. तेवढा तरी... गोवर्धन डबा उपडा करून पेट्रोल ओतत होता. थांबा म्हणायला एवढाच वेळ. शब्द तोंडाशी आला. आणि मांडीवर इशिताचं पाऊल, उघडं, तळव्यावर बारीक लाल ठिपके.

मोज्यातलं कुसळ तिच्या तळहातावर होतं. कॉलेजात बाईंनी दाखवलं होतं, ओल लागली की ते आपोआप फिरतं, मातीत शिरायला. घामानं ते आता फिरत होतं — सावकाश, कुणाला न विचारता. ते टाकून द्यावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं नाही. मशीन पुन्हा सुरू झालं तशी तिनं मूठ मिटली. टोचू दिलं.