पाण्यावर एक तास

आठवड्यातले सहा दिवस ती शहर वाहतुकीची बस चालवायची. पहिली फेरी पहाटे सव्वापाचची. सातवा दिवस झोपेचा, असं तिने लग्नाआधीच नवऱ्याला बजावून ठेवलं होतं आणि बावीस वर्षं ते पाळलंही होतं. मग एके दिवशी तिच्या बसमध्ये तिचे जुने क्रीडाशिक्षक चढले. विशीत ती तलावावरच्या क्लबात वल्ही मारायची, तेव्हापासूनचे हे सर. आता निवृत्त झाले होते. गिरणीमागच्या वस्तीतल्या मुलांना ते दर रविवारी होडी चालवायला फुकट शिकवत, पण हाताशी माणसं नव्हती. दोन थांबे जाईपर्यंत त्यांनी तिला गळाला लावलं. भिडेपोटी ती हो म्हणाली.

नवरा म्हणाला, "सहा दिवस बस हाकायची, सातव्या दिवशी होडी. पुढच्या जन्मी विमान माग."

तिला हसूही आलं नाही. कंबर आधीच धरलेली होती.

मुलं बारा होती, तेरा ते सोळा वर्षांची. पहिले चार रविवार काठच्या उथळ पाण्यात तरंगायला शिकण्यात गेले, मग होड्या निघाल्या. मुलं तिला मावशी म्हणू लागली. सर धक्क्यावर उभे राहून सूचना द्यायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचे, आणि ती गुडघाभर चिखलात उभी राहून होड्या ढकलायची. घरी गेल्यावर ती बूट न काढताच पलंगावर आडवी व्हायची.

त्या बारा जणांत चौदा वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला बारकी म्हणत. सगळ्यांच्या आधी यायची, लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळायची आणि होड्यांच्या शेडमध्ये भिंतीला टेकून बसायची. होड्या निघाल्या की तिचा डोळा लागलेला असायचा. पहिल्यांदा मावशीला वाटलं, पोरीला बरं नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, पाण्याला घाबरते. होड्या निघाल्याच्या तिसऱ्या रविवारी सरांनी वही पुढे केली. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे 'पाण्यावर' असा रकाना होता आणि बारकीच्या नावापुढे तीन फुल्या. नियम असा होता की चौथी फुली पडली की जागा दुसऱ्याला द्यायची. बाहेर सात मुलं थांबलेली होती. सर कठोर नव्हते, पण सात मुलांच्या घरच्यांना तोंड त्यांनाच द्यावं लागत होतं.

मावशी शेडमध्ये जाऊन बारकीशेजारी बसली. खरं तर तिलाही टेकायचंच होतं.

"पाण्याची भीती वाटते का गं?"

"नाही."

"मग?"

"झोप येते."

मग हळूहळू बाकीचं कळलं. आई बेकरीत कामाला, पहाटे तीनलाच घराबाहेर पडायची. घरात तीन धाकटी भावंडं आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आजीची कूस बदलायची, धाकट्यांना उठवायचं, त्यांचे डबे, मग स्वतःची शाळा. रविवारी शाळा नसली तरी आजी होतीच. होडीचा वर्ग शाळेतर्फे सक्तीचा आहे, अशी थाप बारकीने घरी मारली होती. आईने त्या दोन तासांपुरतं शेजारणीला बसवलं होतं.

"इथे मला कोणी हाक मारत नाही," ती म्हणाली. "माझं नाव वहीतून काढू नका मावशी. मी कोपऱ्यातच असते."

मागच्याच आठवड्यात सिग्नलला थांबलेली असताना मावशीची स्वतःची मान खाली गेली होती. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा ती भानावर आली. बसमध्ये चाळीस माणसं होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने जुनी रुंद लाकडी होडी काढली. तळाशी सतरंजी घातली, बारकीला जॅकेटसकट आडवं केलं आणि स्वतः वल्ही घेतली. तलावाच्या मधोमध जाईपर्यंत पोर गाढ झोपली होती. मावशी तासभर संथपणे होडी फिरवत राहिली. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, त्यामुळे समोर दिसत होता तो फक्त तोंड उघडं टाकून झोपलेल्या मुलीचा चेहरा. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

सरांपासून तिने काही लपवलं नाही. "पाण्यावर होती. पण झोपली होती."

सरांनी चष्मा पुसला, वही उघडली. "रकान्यात 'जागी' असं कुठे लिहिलंय?" म्हणाले, आणि एक तास मांडला.

असे चार रविवार गेले. बाकीची मुलं आधी खिदळली, मग त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

पाचव्या रविवारी मावशी आली तीच अर्धमेली होऊन. आदल्या दिवशी एक चालक आला नाही म्हणून तिला दुहेरी पाळी करावी लागली होती. तलावाच्या मध्यावर वल्हं ओढताना कमरेत अशी चमक निघाली की तिला ना पुढे वाकता येईना, ना मागे. सर पलीकडच्या टोकाला उलटलेली होडी सरळ करत होते. हाक पोहोचली नसती. तोंडून कण्हणं निघालं तशी बारकी जागी झाली.

तिने आधी मावशीकडे पाहिलं, मग काठाकडे. आजीला धरायची सवय असलेल्या हातांनी तिने मावशीच्या काखेत हात घातले आणि न हिसकता तिला सतरंजीवर टेकवलं. मग वल्ह्यांपाशी बसली.

"सांगा कसं करायचं."

मावशीने पडल्या पडल्या सांगितलं. हात आधी लांब कर, मग पाय रोव, मग ओढ. दोन्ही सारखी. होडी गोल फिरली, पुन्हा गोल फिरली. बारकी चिडली नाही, घाईही केली नाही. ओठ घट्ट मिटून पुन्हा वल्हं टाकलं. काठाला लागायला चाळीस मिनिटं गेली आणि लागली तीही धक्क्याला नाही, पलीकडच्या लव्हाळ्यात. तिथून सरांनी दोघींना ओढत आणलं.

मावशीला दहा दिवस रजा घ्यावी लागली. नवरा रोज संध्याकाळी पाठीला शेक देत राहिला. ती पुन्हा तलावावर गेली तेव्हा बारकी वल्ह्यांवर बसलेली होती. त्या दिवशी ती वाकडीतिकडी का होईना, धक्क्यापर्यंत आली. पुढच्या रविवारी सरळ आली. त्याच्या पुढच्या रविवारी आलीच नाही. बेकरीने आईला रविवारची दुसरी पाळीही लावली होती, सगळं घर बारकीवर पडलं होतं आणि शेजारीण आता दोन तासही बसायला तयार नव्हती. दोन रविवार सरांनी जागा रिकामी ठेवली. मग दुसऱ्याला दिली. मावशीने वाद घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतं.

महिन्याभराने सकाळच्या फेरीला बारकी बसमध्ये चढली. दोन भावंडं हाताला, एक कडेवर. त्यांना बसवून ती चालकाच्या जागेमागे दांड्याला धरून उभी राहिली.

"माझ्या जागी कोण आलं?"

"एक मुलगा आहे. फार बडबडतो."

"झोपत नाही?"

"छे. कुणाला झोपू पण देत नाही."

बारकी हसली. आरशात मावशीला ते दिसलं. मग तिने विचारलं, पाठ कशी आहे, आणि मावशी म्हणाली, आहे आपली. त्यांचा थांबा आला. बारकीने तिघांना एकेक करून खाली उतरवलं, धाकट्याचा निसटलेला बूट पायात घातला. बस दोन मिनिटं उशिरा होती. मावशीने ती आणखी एक मिनिट उभी ठेवली, मग दार लावलं.